दोन लहान मुलं घेऊन सांगलीत: आधी तीन दिवस, मग बिऱ्हाड

नवऱ्याची बदली सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत झाली तेव्हा थोरली साडेचार वर्षांची होती आणि धाकटा सव्वा वर्षाचा. डोंबिवलीतलं बिऱ्हाड जूनमध्ये हलवायचं ठरलं आणि त्याआधी फेब्रुवारीत तीन दिवस जाऊन घर बघून यायचं. घरातले सगळे म्हणाले, मुलांना इथंच ठेवा, दोघंच जाऊन या. आम्ही चौघंही गेलो, आणि ते किती बरं झालं हे पहिल्याच दिवशी कळलं.

जाताना महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो. कल्याणला रात्री चढलो, जेवण घरूनच उरकलं होतं, त्यामुळं मुलं पुण्याच्या आधीच झोपली ती थेट सांगलीला उठली. कोयना एक्स्प्रेस दिवसाची आहे, पण एवढ्या लहान मुलांना दिवसभर डब्यात बसवणं मला जमलं नसतं. तिकीट काढताना गाडी सांगलीला थांबते का ते बघून घ्या. काही गाड्यांना मिरजेलाच उतरावं लागतं, आणि झोपेतलं पोर खांद्यावर, हातात बॅगा अशा अवस्थेत पुढचे दहा किलोमीटर जड जातात. स्वतःच्या गाडीनं रस्त्यानं येणार असाल तर पेठ नाक्यावर महामार्ग सोडून आष्ट्यावरून या, आणि शेवटचा नीट थांबा कराडला घ्या.

शनिवारी सकाळी आंघोळी उरकून घरं बघायला निघालो. एजंटनं दाखवलेलं दुसरंच घर मला मनापासून आवडलं. नदीच्या बाजूला, तळमजल्यावर, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड, घराला नुकताच रंग दिलेला. भाडं आम्ही धरून चाललो होतो त्यापेक्षा बरंच कमी. मी स्वयंपाकघराची खिडकी बघत होते आणि थोरली मागच्या परसात गेली होती. तिथून तिनं हाक मारली, "आई, ही रेघ बघ, माझ्याहून उंच आहे." मागच्या कुंपणाच्या भिंतीला रंग पोचला नव्हता. त्या भिंतीवर सगळीकडं एकाच उंचीवर, दोरी धरून ओढावी तशी तपकिरी रेघ होती. खालचा भाग मातकट, वरचा पांढरा. मी जवळ जाऊन उभी राहिले तर रेघ माझ्या कपाळापर्यंत आली.

शेजारच्या आज्जी वाळवण घालत होत्या. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "एकोणीसला पाणी आलतं की. आम्ही माडीवर बसून हुतो, मग होडीतनं न्हेलं आमास्नी." एकोणीस म्हणजे २०१९ चा पूर. एजंट म्हणाला, आता तसं काही होत नाही. आज्जींनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा पापड पसरायला लागल्या.

आम्ही दोघंच आलो असतो तर परसात कोण गेलं असतं? त्या दिवशी टोकनची रक्कम खिशात घेऊनच आम्ही फिरत होतो.

सांगलीत बिऱ्हाड करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं म्हणून सविस्तर लिहिते. कृष्णा कराडला कोयनेला घेऊन सांगलीत येते. सांगली ओलांडली की लगेच हरिपूरला वारणा तिला मिळते, आणि आणखी खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. पावसाळ्यात खालच्या दोन्ही नद्या भरून वाहत असतील तर कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, ते सांगलीत तुंबतं. त्यामुळं इथला पूर एकदम अंगावर येत नाही, हळूहळू चढतो आणि उतरायलाही दिवस घेतो. नदीकाठी घर नसलं तरी नाल्यातून पाणी उलटं आत शिरतं, म्हणून नदी लांब आहे एवढ्यावर समाधान मानू नका. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. २००५ ला आणि २०२१ लाही ५० च्या वर होतं. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, शामरावनगर, सांगलीवाडी ही नावं पुराच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात.

तेव्हा घर बघताना पहिला प्रश्न हाच: एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं? आणि तो एजंटला विचारू नका. कोपऱ्यावरचा किराणावाला, गिरणीवाला, शेजारची म्हातारी माणसं, असं तिघांना वेगवेगळं विचारा. तिघांचं उत्तर बोटभरही वेगळं येत नाही. सांगलीकरांना आपल्या गल्लीतलं पाणी पायरीनिशी पाठ आहे. पूर न पाहिलेला माणूस म्हणेल, पाच-सात वर्षांतून एकदा येतं तर काय बिघडलं. मोठ्या माणसांचं कदाचित निभेल. पण अंगावर पिणारं मूल, त्याचं दूध, औषधं, उकळलेलं पाणी आणि वीज नसलेले चार दिवस हे एकत्र डोळ्यांपुढं आणा आणि मग भाडं किती वाचतंय ते मोजा.

आम्ही मग मिरजेच्या दिशेनं सरकलो. विश्रामबागेच्या बाजूला जमीन चढत जाते. (इथंही नाल्याला लागून असलेली घरं सोडाच.) विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही कॉलेजं याच भागात, त्यामुळं रस्ते रुंद, झाडं भरपूर आणि भाड्याची घरंही असतात. आम्हाला मिळालं ते दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भाडं जास्त. गॅलरीच्या गजांमधून धाकट्याचं डोकं जात नाही ना हे त्यालाच उभं करून बघितलं. दोन गजांत अंतर जास्त वाटलं म्हणून घरमालकांना जाळी लावायला सांगितलं, ती त्यांनी आमच्या येण्याआधी लावून दिली. भाडेकरार ११ महिन्यांचा, पण नोंदणी करूनच घ्या. गॅस, आधारवरचा पत्ता, शाळा, सगळीकडं तो लागला.

रविवार मुलांना दिला. सकाळी गणपती मंदिर. पटवर्धन संस्थानिकांचं हे देवस्थान काळ्या दगडातलं, आणि लहान मुलांच्या आयांनी आवर्जून जावं ते त्याच्या मोकळ्या आवारासाठी. धाकटा तिथं पहिल्यांदा हात सोडून वीसेक पावलं चालला. संध्याकाळी हरिपूरला संगमावर गेलो. जुन्या झाडांचा रस्ता, संगमेश्वराचं देऊळ, खाली दोन नद्या. घाटावर बसा, पण मुलांना पाण्यात पाय सोडून बसवू नका. कृष्णेत या भागात मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केल्याच्या घटना खरोखर झाल्या आहेत. पाणी कितीही संथ दिसो, पायऱ्यांवर मुलाचा हात सोडायचा नाही.

सोमवारी सकाळी शाळा. घरापासून शाळेपर्यंत थोरलीला चालवत नेलं, तिच्या पावलांनी सतरा मिनिटं लागली. हे मोबाइलवरच्या नकाशात सातच मिनिटं दाखवत होतं. एका ठिकाणी फीचा तक्ता हातात दिला आणि वर्ग दाखवायला नकार मिळाला, तिथून परत फिरलो. दुसरीकडं बाईंनी थोरलीला आत बोलावून मातीचे गोळे करायला बसवलं आणि आम्हाला बाहेर पंधरा मिनिटं थांबवलं, तिथं नाव घातलं. मराठी माध्यम. वयाचा हिशेब आधी करून ठेवा: महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात आणि नर्सरीसाठी तीन. त्यानुसार थोरली मोठ्या गटात बसली. जन्मदाखल्याच्या पाच-सहा प्रती बरोबर असू द्या.

दुपारी मुलांचे डॉक्टर बघून ठेवले. हे मूल आजारी पडायच्या आधी करायचं काम आहे. मिरज तर दवाखान्यांचंच गाव. वानलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालेलं, आणि कर्नाटकातूनही लोक इथं उपचारांना येतात. पण रात्री दोन वाजता ताप चढला तर मोठ्या नावापेक्षा पाच मिनिटांवरचा दवाखाना आणि फोन उचलणारं माणूस कामाला येतं.

रात्रीच्या गाडीनं परत निघालो.

बिऱ्हाड जूनच्या पहिल्या आठवड्यात हललं, पाऊस धरायच्या आत. मे महिन्यात इथं पारा चाळिशीला टेकतो आणि पाऊस धरेपर्यंत उकाडा असतोच, म्हणून ट्रक रात्रीचा ठरवला. मुलांच्या बाबतीत एकच गोष्ट सांगेन: त्यांच्या अंथरुणावरची चादर धुवू नका. घडी घालून हाताशी ठेवा आणि नव्या घरात सगळ्यात आधी तीच पसरा. बाकीचे खोके आठ दिवस तसेच पडले होते, पण पहिल्या रात्री दोघंही त्या चादरीत तोंड खुपसून झोपली.

लसीकरणाचं कार्ड सामानात टाकू नका, पर्समध्ये ठेवा. धाकट्याचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर १६ ते २४ महिन्यांतला, म्हणजे नेमका या हलवाहलवीत आलेला. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात तो मोफत मिळाला. कार्ड बघून ताईंनी लगेच नोंद केली, गाव बदललं म्हणून काही अडलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याचं पोट बिघडलं. पाणी उकळून देत होते, पण दात घासायला आणि फळं धुवायला नळाचंच वापरत होते. ओआरएस आणि डॉक्टरांनी दिलेलं झिंक १४ दिवस, असं करून तो सावरला. पहिला महिनाभर तरी फळं धुवायलाही उकळलेलंच पाणी घ्या.

जाण्यायेण्याला सांगली-मिरज बस आहेत आणि वडाप, म्हणजे माणसं भरून सुटणारी खाजगी गाडी, आहे. वडाप पटकन मिळतं, पण सकाळी आणि संध्याकाळी दाटीवाटी असते, मांडीवर मूल घेऊन त्या वेळा टाळाव्यात. अकरा ते चारमध्ये निवांत जागा मिळते. असंच एकदा मिरजेला जाऊन मुलांना सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांची सतारमेकर गल्ली दाखवली. दुकानात वाळलेले भोपळे रचून ठेवलेले, धाकटा आत बसेल एवढे. कारागिरानं एका अर्धवट झालेल्या तंबोऱ्याची तार छेडली आणि धाकट्याचा हात धरून भोपळ्यावर टेकवला. तो दचकला, हात काढला आणि पुन्हा स्वतःहून ठेवला.

सगळ्यात अवघड गेले ते पहिले दोन महिने, आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. नवरा शिफ्टमध्ये, बाहेर पाऊस, ओळखीचं माणूस नाही. दुपारी चार वाजता धाकटा दाराशी जाऊन "आज्जी, आज्जी" करायचा. डोंबिवलीला त्या वेळी माझी आई यायची. मला रडू यायचं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना ते जिन्यात दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी त्या कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी आणि भाकरी घेऊन वर आल्या आणि म्हणाल्या, "रोज चारला खाली येत जावा की. दार उघडंच असतंय." मी गेले. तुम्हीही असं कुणी म्हणालं तर खरोखर जा. इथं ते म्हणायचं म्हणून म्हणत नाहीत. चार वाजताची ती वेळ धाकट्याला सापडली आणि मलाही.

थोरली शाळेत कित्येक आठवडे एक शब्द बोलली नाही. तिचं "मी आले, मी जेवले" ऐकून वर्गातल्या पोरी नुसत्या बघत राहायच्या, कारण इकडं मुलीही "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. बाईंनी घाई केली नाही. त्यांनी मलाही सांगितलं, घरी रोज "आज बोललीस का?" असं विचारू नका. मी विचारणं बंद केलं. नागपंचमीच्या सुमाराला ती आपणहून बोलायला लागली.

ऑगस्टमध्ये पाणी पात्राबाहेर आलं. फार नाही, आमच्यापासून लांबच होतं. पण त्या दिवसांत इथं सकाळी चहाबरोबर सगळे दोनच आकडे विचारतात: कोयना धरणातून किती सोडलंय आणि आयर्विनला किती फूट आहे. तुम्हीही ते रोज बघत जा. कोयनेचं पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात मुलांची औषधं, दूध पावडर, पिण्याचं पाणी भरून ठेवता येतं. एका दुपारी पाऊस थांबल्यावर पुलाजवळ गेलो. लोक कठड्याशी उभे राहून गढूळ पाणी बघत होते, फार बोलत नव्हते. थोरलीनं खांबावरचे आकडे मोठ्यानं वाचले आणि विचारलं, "पेरूच्या घरात आता कोण राहतं?"

मला माहीत नव्हतं. परतताना आम्ही त्या गल्लीवरून गेलो. दाराला कुलूप होतं, आणि शेजारच्या आज्जी उंबऱ्यावर बसल्या होत्या, आत माडीच्या जिन्यावर धान्याचे डबे चढवून ठेवलेले दिसत होते. थोरलीनं त्यांना ओळखलं आणि रस्त्यावरूनच ओरडली, "आज्जी, मी आलो की!"