आर्नोच्या संगमावरील छत्री
फ्लॉरेन्स, बुधवार रात्र

आज या शहरातला शेवटचा दिवस. पाय भरून आले आहेत, तरी लिहिल्याशिवाय झोपवणार नाही.

परवा उफ्फिझी संग्रहालयात बोत्तिचेल्लीच्या 'व्हीनसचा जन्म' या चित्रासमोर पोहोचायलाच बराच वेळ लागला. जवळजवळ पावणेतीन मीटर रुंदीचे ते चित्र मी लहानपणापासून छापील पानांवर पाहत आले होते. पण व्हीनसच्या केसांवरून सोन्याच्या बारीक रेघा फिरवलेल्या आहेत, हे मला प्रत्यक्ष पाहिल्यावरच कळले. हे सारे आज इथे आहे याचे श्रेय मेदिची घराण्याची शेवटची वारस आना मारिया लुइझा हिला द्यायला हवे. घराण्याची सत्ता संपत असताना, १७३७ साली, तिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला आणि हा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर कधीही नेता येणार नाही, अशी अट त्यात घातली. त्या बाईंविषयी मला फार आदर वाटला.

मिकेलांजेलोने घडवलेला डेव्हिडचा पुतळा १५०४ पासून चौकात उन्हापावसात उभा होता. त्याला १८७३ मध्ये अकादेमिया या संग्रहालयात हलवले. त्यामुळे तो वाचला हे खरे, पण मोकळ्या आकाशाखाली, येत्याजात्या माणसांच्या वर तो कसा दिसत असेल, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

आज सकाळी सान मार्कोच्या मठात मात्र चित्रे जिथे काढली गेली तिथेच भेटली. जिना चढताना समोरच फ्रा आंजेलिकोचे देवदूताच्या आगमनाचे भित्तिचित्र येते आणि त्याच्याखाली, इथून जाताना मेरीला वंदन करायला विसरू नकोस, अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. देवळाच्या उंबऱ्यापाशी आपला हात नकळत कपाळाकडे जातो, तसे काहीसे तिथे झाले. पुढे भिक्षूंच्या लहान लहान खोल्या आहेत: प्रत्येकीत एक छोटी खिडकी आणि भिंतीवर एकच चित्र. त्या खोलीत राहणाऱ्याने आयुष्यभर तेवढेच पाहायचे होते. एका खोलीच्या दाराशी मी बराच वेळ उभी राहिले; दोन दिवसांत शेकडो चित्रे पाहून आलेला शीण तिथे उतरला.

दुपारी कास्चिने उद्यानाच्या पश्चिम टोकापर्यंत चालत गेले. मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे ही जागा पाहिल्याशिवाय परतणे शक्यच नव्हते. इंग्लंडहून परत येताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी याच शहरात वारले, तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. दहनाची प्रथा नसलेल्या या शहरात विशेष परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. परक्या मुलुखातही बरोबरच्या माणसांनी संगम शोधला, हे आठवले की माझा घसा दाटून येतो. १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांनीच आखला. छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे आणि चौथऱ्यावर चार भाषांत लेख कोरलेले आहेत.

कठड्याबाहेर चपला काढून मी नमस्कार केला. पंचगंगेच्या घाटावरची राजघराण्याची समाधिमंदिरे डोळ्यांपुढे आली. जवळच १९७० च्या दशकात बांधलेला मोठा पूल आहे. त्याचे नाव 'पोन्ते आल्लिंदियानो', म्हणजे त्या भारतीयाजवळचा पूल. परतताना एका आजोबांना वाटेविषयी विचारले, तर त्यांनी हात मागे करून, मी 'इंदियानो'कडून आले का, एवढेच विचारले. मी हो म्हटले.