आवाज नको, बैल बुजतील

चार दिवसांच्या फिरतीतले तीन दिवस लगेच संपवतो. नागपूरला तर्रीपोहे खाल्ले, सेवाग्रामला बापूकुटीच्या ओसरीत तासभर बसलो, मग पुलगावला आत्याकडे मुक्काम ठोकला. तिथे रोडगे, वांग्याची भाजी आणि 'अजून एक घे ना रे' यांनी मला पुरतं आडवं केलं. विदर्भातल्या पाहुणचाराबद्दल लोक गहिवरून लिहितात. मी पोटावर हात ठेवून लिहितोय.

चौथ्या दिवशी आतेभाऊ म्हणाला, "चाल, पट पाहाले जाऊ. आन् तिथं तुह्या कामाचं बी आहे. जिनिंगवाल्याचं पोट्टं ते गाडी घिऊन येऊन राह्यलं."

"कोणती गाडी?"

"ते ठेंगणी. रस्त्याले चिकटून चालते ते."

इथे एक कबुली द्यायला हवी. मी चाळिशी ओलांडलेला, कर्जाच्या हॅचबॅकमध्ये फिरणारा माणूस आहे, पण कॉलेजच्या खोलीत माझ्या उशाशी मॅकलॅरेन एफवन या सुपरकारचं पोस्टर होतं. 1992 ची गाडी, चालक मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन्ही बाजूंना जरा मागे, आणि इंजिनाची धग परतवायला आतून चक्क सोन्याचा वर्ख. आजही रात्री झोप येत नसली की मी कानात इअरफोन घालून बारा सिलिंडरच्या इंजिनांचे आवाज ऐकतो. बायकोला वाटतं गाणी ऐकतोय. पण असा आवाज समोर उभं राहून मोकळ्या रानात कधी ऐकला नव्हता. पुण्या-मुंबईत या गाड्या दिसतात त्या सिग्नलला, रिक्षांच्या घोळक्यात कोंडलेल्या.

तर निघालो. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, तळेगाव दशासरच्या बाजूच्या एका गावात होता. तळेगावचा पट जुना आणि नावाजलेला, त्याची हवा आसपासच्या सगळ्या गावांना लागलेली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरात अटी घालून पुन्हा मोकळ्या केल्या. त्या मधल्या वर्षांची गोष्ट इथले लोक दुष्काळाची सांगावी तशी सांगतात.

गावाबाहेर, चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. एका बाजूला तुरीची धसकटं, दुसऱ्या बाजूला बैलांच्या जोड्या बांधलेल्या. पिकअपमधून आणलेल्या, अंगावर झूल, समोर पेंड. मी कान टवकारून बसलो होतो. आता डांबरीवरून गुरगुरत येईल, मग गिअर उतरवताना फटाके फुटतील, मग...

काहीच झालं नाही. टपरीवाल्याचं पोरगं एकदम ओरडलं, "आली!" बघतो तर केशरी गाडी वीस पावलांवर उभी. आवाज फक्त टायरखालच्या गिट्टीचा.

मेक सांगत नाही, कारण पुढे तक्रार करायची आहे. इटालियन होती, हायब्रिड होती, म्हणजे इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही, आणि गावात शिरताना त्या पोराने ती विजेवर घेतली होती. ढकलत आणल्यासारखी सरकत आली. माझ्या आयुष्यातला इतका वाट पाहिलेला क्षण आमच्या दळणाच्या चक्कीएवढाही वाजला नाही.

तेवढ्यात समोरून कापसाची ट्रॉली ओढत लाल ट्रॅक्टर आला. रस्ता एकाच गाडीपुरता. ट्रॉली मागे घेणं म्हणजे काय दिव्य असतं ते गावाकडच्यांना विचारा. तेव्हा मागे जायचं ते केशरी गाडीनेच. आणि ती गेली, दीडशे पावलं, तशीच मुकाट. पोरगा काचेतून डोकं काढून म्हणाला, "काका, हिच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. मोटरी उलट्या फिरतात."

हे खरं आहे. फेरारीने 2019 मध्ये एसएफ90 आणली तेव्हा गिअरबॉक्समधून रिव्हर्स गिअर काढूनच टाकला. विजेची मोटर उलटी फिरवता येते, मग वेगळं दातेचाक कशाला वागवायचं? वजन वाचतं. त्या गाडीत व्ही-आठ इंजिनासोबत तीन मोटरी, आणि नुसत्या बॅटरीवर साधारण 25 किलोमीटर. म्हणजे पुलगावहून निघून पटापर्यंत इंजिनाला जागं करायचीही गरज नाही. हे सगळं मी टपरीवरच्या लोकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं.

बाकड्यावरचे एक आबाजी विडी विझवत म्हणाले, "मंग त्यात काय? बैलाले बी रिव्हर्स नसते."

ट्रॅक्टर आणि ती गाडी समोरासमोर उभी होती तेव्हा मला खरं तर हसू आलं होतं. फेरुचिओ लॅम्बोर्गिनी आधी ट्रॅक्टरच बनवायचे. मोटारींची कंपनी 1963 ची, ट्रॅक्टर महायुद्धानंतर लगेचचे. आणि ज्या महिंद्राचे ट्रॅक्टर नागपूरच्या हिंगणा भागात तयार होतात, त्याच घरची पिनिनफरीना बतिस्ता ही पूर्ण विजेची गाडी 1900 अश्वशक्तीची आहे. आत्याच्या शेतातल्या ट्रॅक्टरची ती लांबची, लाडावलेली चुलत बहीण म्हणायची.

बतिस्तात ज्याचं तंत्र आहे तो माते रिमात्स क्रोएशियाचा. जुन्या बीएमडब्ल्यूचं इंजिन शर्यतीत फुटलं म्हणून त्याने तिच्यात मोटर बसवली, तिथून सुरुवात. त्याची नेवेरा 1914 अश्वशक्तीची, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर, आणि शून्यावरून शंभरला दोन सेकंदांच्या आत. कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा हे संगणक सतत ठरवत असतो. मी हे वाचलं होतं, पण समजलं ते पटावर. छकड्यावर धुरकरी जवळजवळ आडवा झालेला, डावा बैल जरा जास्त ओढतोय, छकडा कलायला लागतो आणि कासऱ्याच्या एका झटक्यात तो सरळ होतो. घड्याळ सेकंदाचे तुकडे मोजतं आणि त्या तुकड्यांवर माणसं भांडतात. लोकांना आकड्याआधी बैल ठाऊक असतो: कोणाचा, कोणत्या गाईचा, मागच्या साली कुठे बसला. नेवेराचा दोन सेकंदांच्या आतला आकडा वाचून मला एकदाही असं उठून ओरडावंसं वाटलं नव्हतं, हे तिथे धुळीत उभं असताना लक्षात आलं.

हे बहुधा रिमात्सलाही कळलं असावं. 2021 मध्ये बुगाटी ही मोटारकंपनी त्याच्या हाती आली. पूर्ण विजेची करेल असं मला वाटत होतं. त्याने 2024 मध्ये काढलेल्या तूर्बियाँमध्ये सोळा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन घातलं, सोबतीला मोटरी, आणि समोर पडद्याऐवजी स्विस घड्याळजींनी बनवलेले काट्यांचे मीटर. उलट चीनमधली यांगवांग यू9 ही विजेची गाडी चारही चाकांवर उडी मारते. ती रस्त्यातला खड्डा उडी मारून ओलांडते असा व्हिडिओ कंपनीनेच दाखवला आहे. समृद्धीवरून उतरलं की समृद्धी संपते, त्यामुळे आमच्याकडे नुसत्या वेगापेक्षा ही उडीच जास्त खपेल. केशरी गाडीने नाक वर करायचं बटन दाबूनही पहिल्याच गतिरोधकावर पोट घासलं होतं.

दुपारी मी लाज सोडून त्या पोराला म्हटलं, "एकदा इंजिन चालू कर ना. फक्त एकदा." भोवती वीसेक पोट्टे जमले, "आवाज काढा, आवाज काढा" सुरू झालं. तोही तयार झाला. पण जोडीवाल्यांतला एक जण हात वर करून आला.

"नाही भाऊ. आवाज नोको. बैल बुजतीन. आमचा नंबर हाय आता."

पोराने लगेच हात मागे घेतला. "नंतर फाट्यावर वाजवतो, काका. या तुम्ही." चांगल्या घरचं पोर. त्याचा राग येत नाही, हाच त्रास आहे.

त्या जोडीचा नंबर लागायला तास गेला. मग आतेभावाच्या ओळखीच्या जोडीचा. मग कोणीतरी चहा पाजलाच पाहिजे म्हणून हात धरून बसवलं. इथे नाही म्हणायची सोय नसते, आणि मला ती कला या जन्मी येणार नाही. तिसरा कप हातात असताना मी वळून पाहिलं तर कडुलिंबाखालची जागा रिकामी. गाडी गेली होती. शे-दीडशे माणसं आजूबाजूला होती, कधी गेली ते एकालाही सांगता येईना. जुन्या काळची असती तर निघायला लागताच मी कप टाकून धावलो असतो.

फाट्यावर मोटरसायकलने गेलो. तिथे एक शेळ्यावाली तेवढी होती. "केशरी गाडी गेली का, मावशी?"

"पाह्यली नाही बाप्पा."

परत आलो तर कडुलिंबाखाली टपरीवाल्याचं पोरगं उकिडवं बसलं होतं. धुळीत रुंद टायरचा ठसा उमटला होता आणि ते वीत लावून मोजत होतं.

"किती?" मी विचारलं.

"दीड," ते म्हणालं. "पण माही वीत लहान आहे. तुमची लावा."