दाराच्या आतली पट्टी

बुधवार, रात्री

गिऱ्हाईक गाडीच्या काचांना लावायची फिल्म घ्यायला येतं तेव्हा शेड बघतं, हीट लॅम्पसमोर हात धरून बघतं, वॉरंटी किती वर्षांची ते विचारतं. दाराच्या आतली पट्टी कुणी बघत नाही. काच जिथे दारात उतरते तिथली ती रबराची, मखमल लावलेली पट्टी. माझ्याकडची निम्मी भांडणं तिथेच उगवतात आणि नाव मात्र फिल्मचं खराब होतं.

आज दुपारी पिंपळगावकडचे एक बागायतदार आले. दिवाळीनंतर गाडीला फिल्म मारून नेली होती. ड्रायव्हरच्या काचेवर उभ्या रेघा, बारीक पण उन्हात लख्ख दिसणाऱ्या. गाडीतून उतरतानाच म्हणाले, "भाऊ, माल हलका मारला तुम्ही." दोन गिऱ्हाइकं बसलेली होती, त्यांच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात.

अशा वेळी तोंडाने बोलून काही होत नाही. पोऱ्याला चहा सांगितला, प्लॅस्टिकच्या कार्डाला पांढरं सुती फडकं गुंडाळलं, जरा ओलं केलं आणि त्यांच्यासमोर पट्टीत घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं. फडकं बाहेर आलं ते मातकट काळं. त्यातली चिमूटभर त्यांच्या बोटांवर ठेवली. चोळली तशी करकर लागली. मग डाव्या बाजूची मागची काच दाखवली. तोच रोल, तोच दिवस, तोच हात. पण ती काच महिनोन्महिने खाली होत नाही, म्हणून तिच्यावर एक रेघ नाही. ड्रायव्हरची काच बांधावर, टोलवर, मार्केट यार्डाच्या गेटवर दिवसभर खालीवर. त्यात सिंहस्थाच्या कामांनी शहरातले रस्ते उकरून ठेवलेत, धुळीला तोटा नाही. काच खाली गेली की पट्टीतली रेती आतल्या बाजूने फिल्मवर घासते. काच कडक असते, सोसते. फिल्म प्लॅस्टिकची, तिच्यावर वरून कितीही स्क्रॅचप्रूफ थर असला तरी रेतीपुढे किती टिकणार?

"मग लावताना पट्टी बदलायची होती ना," म्हणाले. रास्त प्रश्न. जॉबकार्ड काढलं. "ड्रायव्हर बाजूची आतली पट्टी झिजलेली, बदलायला सांगितले, नको म्हणाले." खाली त्यांच्या मुलाची सही. बाप क्षणभर गप्प, मग मुलाला फोन लावून जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी ठरलं असं: पट्टी त्यांनी आणायची, त्या एका काचेच्या फिल्मचे पैसे द्यायचे, मजुरी मी घेणार नाही. पूर्ण फुकट करून दिलं असतं तर चूक माझीच होती असा त्याचा अर्थ झाला असता, आणि त्यांच्या गावातल्या चार गाड्या पुढच्या आठवड्यात दारात उभ्या राहिल्या असत्या.

सहीचं हे खूळ मला उगाच लागलेलं नाही. गाडी आत घेतली की आधी चारही काचांचा मोबाइलवर व्हिडिओ, टॉर्च तिरपी धरून. जुने ओरखडे समोरून दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात. मालकाला सोबत उभं करायचं आणि रबराला त्यालाच बोट लावायला सांगायचं. मऊ रबर दाबलं की परत येतं. वाळलेलं रबर उन्हाने कडक होऊन भेगाळतं, ते दाबताना कळतंच. डिटेलिंगवाल्याकडून रबरावर सिलिकॉनची पॉलिश मारून आणलेली गाडी तर सगळ्यात वाईट. दिसायला चकाचक, पण तो तेलकटपणा काचेच्या कडेला उतरलेला असतो आणि तिथे फिल्म धरत नाही. आधी आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कडा पुसाव्या लागतात.

कामाची पद्धत नव्या पोऱ्याला परत सांगितली. काच दोन बोटं खाली घ्यायची, वरची कड आधी बसवायची, मग काच पूर्ण वर करून खालचा लायनर, म्हणजे फिल्मच्या चिकट बाजूवरचा पातळ कागद, सोडायचा. कार्डाने पट्टी अलगद बाजूला धरून फिल्म पाच-सहा मिलिमीटर खाली सारायची. पोरं घाई करतात ती इथेच. फिल्म बसवताना मारलेलं शाम्पूचं पाणी पट्टीत उतरतं आणि स्क्वीजी, म्हणजे पाणी काढायची रबरी पट्टी, ओढताना तीच घाण घेऊन वर येतं, मग खालच्या कडेला फिल्मखाली धुळीच्या दाण्यांची रांग. म्हणून आधी पट्टी धुऊन, हवा मारून सुकवायची आणि मखमलीवर मास्किंग टेप लावायची. दाराच्या आतल्या बाजूच्या पॅडवर जाड टॉवेल हवाच, नाहीतर पाणी पॉवर विंडोच्या स्विचमध्ये जातं, आणि स्विचचं भांडण फिल्मच्या भांडणापेक्षा महाग पडतं.

काही दुकानदार दाराचं पॅडच उघडतात. काम सफाईदार होतं, कबूल. पण जुन्या गाडीच्या क्लिपा एकदा निघाल्या की पहिल्यासारख्या बसत नाहीत, आणि आठ दिवसांनी माणूस "दार वाजतंय" म्हणून हजर. पट्टी फारच चिकट आणि घट्ट असेल तरच मी पॅडला हात लावतो, तेही विचारून.

दाण्यांच्या बाबतीत माझा हिशेब सरळ आहे. बसल्या जागी, नजरेच्या रेषेत दाणा दिसत असेल तर त्या काचेची फिल्म पुन्हा लावून देतो, वाद नाही. मोबाइलचा टॉर्च लावून कोपऱ्यात शोधलेल्या दाण्याला मी भीक घालत नाही. पाण्याचे फुगे आणि धुरकटपणा हे वेगळं प्रकरण. ते सुकायला दिवस लागतात, थंडीत जास्तच, आणि निफाडकडच्या थंडीत गाडी रात्रभर अंगणात असेल तर आणखी. तेवढ्यात माणूस नखाने फुगा दाबतो आणि तिथे घडी पडते. तीन-चार दिवस काच खाली करू नका म्हणून स्विचवर टेप लावून देतो. ती टेप गल्लीच्या तोंडाशीच काढतात, पान थुंकायला.

राहिला कायदा. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचांतून किमान ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. लोक "५० ची फिल्म" मागतात, पण कंपनीची काच स्वतःच पाव हिस्सा उजेड अडवत असेल तर तिच्यावर ५० ची फिल्म म्हणजे हातात ३७-३८. तिथे ७० ची लावली तर साडेबावन्नच्या आसपास येतं. मीटर लावून समोर दाखवतो. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला फिल्म लावायलाच मनाई केली होती. नंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला, १ एप्रिल २०२१ पासून प्लॅस्टिकचा थर असलेली काच, म्हणजे सेफ्टी ग्लेझिंग, त्यात आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मर्यादेतल्या फिल्मला दंड नको असं म्हटलं. तरी मुंबई नाक्यावर पोलिसाने हात केला की मालक मलाच फोन करतो. "तुम्ही लावली, तुम्हीच भरा."

बिलबुक संपत आलंय. उद्या छापायला टाकताना मागच्या बाजूला तीन ओळी वाढवायच्या: मीटरचं रीडिंग, पट्टीची अवस्था, आणि गाडी न्यायला जो येईल त्याची नाही, मालकाची सही.