लंडन स्टेडियममध्ये मेडन: कुठे उभं राहावं, कधी निघावं

स्ट्रॅटफर्ड स्टेशनातून बाहेर पडलं की चहूकडून एडीच, म्हणजे आयर्न मेडनचं भुतासारखं बोधचित्र, येताना दिसतो. कुणाच्या छातीवर, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या पोटरीवर गोंदलेला. २८ जून २०२५, शनिवार. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या पन्नाशीचा दौरा २७ मेला बुडापेस्टहून निघाला होता आणि युरोपातल्या बऱ्याच शहरांत थांबणार होता. तरी एकच शहर निवडायचं तर हेच. १९७५ साली बँड काढणारा स्टीव्ह हॅरिस लेटनस्टोनचा, म्हणजे भुयारी रेल्वेच्या सेंट्रल लाइनवर स्ट्रॅटफर्डपासून दुसऱ्या स्टेशनाचा. पोरवयात तो वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबच्या मुलांबरोबर सराव करायचा, त्याच्या बेस गिटारवर वेस्ट हॅमचं बोधचिन्ह आहे, आणि हे स्टेडियम २०१६ पासून वेस्ट हॅमचंच मैदान. थोडक्यात, माहेरचा कार्यक्रम.

भारतातून जाणाऱ्याची खरी अडचण तारखांची. तिकिटं निघाली सप्टेंबर २०२४ मध्ये, आणि ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी करता येतो. म्हणजे व्हिसा मिळेल की नाही हे ठाऊक नसताना तिकीट घ्यावंच लागतं. मग क्रम असा ठेवावा: आधी कार्यक्रमाचं तिकीट, मग रद्द करता येईल अशी राहायची जागा, मार्चअखेरीस व्हिसाचा अर्ज आणि पासपोर्ट हातात आल्यावर विमान. निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो, पण तोवर पासपोर्ट तिकडेच अडकून राहू शकतो. त्या काळात दुसरा परदेश प्रवास ठरवू नये.

दुसरी अडचण फोनची. तिकीट कागदावर नसतं, ॲपमध्ये असतं. ॲपला नव्या देशात शंका आली की ते ओटीपी मागतं, आणि ओटीपी जातो भारतातल्या नंबरवर. तो नंबर रोमिंगवर चालू नसेल तर तिकीट असूनही माणूस दाराबाहेर. तिकीट आदल्या रात्रीच वाय-फायवर फोनच्या वॉलेटमध्ये उतरवून ठेवावं. दाराशी हजारो फोन एकाच टॉवरला लोंबकळत असतात, तिथे काहीही उघडत नाही. स्क्रीनशॉटच्या भरवशावर राहू नये, कारण काही तिकिटांचा बारकोड सतत बदलत असतो.

हीथ्रोहून एलिझाबेथ लाइन घ्यावी आणि गाडी पुढे ॲबी वूडकडे जाणारी असेल तर व्हाइटचॅपेलला बदलावी. वेगळं तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. फक्त आत जाताना कार्ड आणि बाहेर पडताना फोन असं करू नये. कार्ड तेच असलं तरी यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी, दोघांचेही प्रवास अर्धवट, आणि दोघांनाही सगळ्यात जास्त भाडं लागतं.

स्ट्रॅटफर्डच्या पुढे एलिझाबेथ लाइनवर एकच स्टेशन गेलं की मेरीलँड. तिथे ‘कार्ट अँड हॉर्सेस’ हा पब आहे. १९७६ मध्ये मेडनचे सुरुवातीचे कार्यक्रम इथेच झाले. आता तळघरात वाजवायची जागा आहे. जायचंच तर आदल्या दिवशी दुपारी जावं. कार्यक्रमाच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि रांगेत घालवलेला तास संध्याकाळी पायांना जाणवतो.

स्टेडियममध्ये ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी नेऊ नये. पासपोर्ट, कार्ड, कानातले बोळे, पातळ रेनकोट, एवढं पुरतं. त्या दिवसाच्या तारखेचा टी-शर्ट हवा असेल तर दार उघडल्याबरोबर आधी ती रांग धरावी, कारण मधल्या मापांचे आधी संपतात. आधी वाजवणारे बँड दोन: ‘द रेव्हन एज’, ज्यात हॅरिसचा मुलगा जॉर्ज गिटार वाजवतो, आणि ‘हेलस्टॉर्म’. हेलस्टॉर्मची गायिका लिझी हेलचा आवाज चुकवण्यासारखा नाही. शर्टाची रांग त्यांच्या वेळेला आली तर शर्ट सोडावा.

आता मुख्य प्रश्न, उभं कुठे राहायचं. बहुतेक जण रंगमंचापुढच्या कठड्याकडे धावतात. मेडनसाठी तो सौदा तोट्याचा आहे, असं माझं मत. अगदी पुढे मुख्य स्पीकर डोक्यावरून मागच्या लोकांसाठी वाजत असतात. आपल्याला मिळतात रंगमंचाच्या कडेचे छोटे स्पीकर, खाली ठेवलेल्या सबवूफरचा, म्हणजे खर्जाच्या स्पीकरचा, दणका आणि ड्रमचा उघडा आवाज. तीन गिटारी एकमेकींत कालवून जातात. रंगमंचाच्या बरोबर समोरच्या मध्यरेषेवर साउंड मिक्सरचा तंबू असतो. तिथला माणूस त्याला जे ऐकू येतं त्यावरूनच सगळं जुळवतो. मी त्या तंबूच्या मागे दहा-बारा पावलांवर, किंचित डावीकडे उभा होतो. अगदी मध्यरेषेवर खर्जाचा आवाज साठतो, दोन पावलं बाजूला सरकलं की तो आटोक्यात येतो.

त्याहून मागे गेलं की गणित बदलतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. ७० मीटरवर तो ०.२ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे मेडनच्या वेगात जवळपास अर्धा ठोका. काठी पडलेली आधी दिसते, ठोका नंतर ऐकू येतो. मैदानात मध्ये उभ्या केलेल्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मुद्दाम तेवढ्याच उशिराने वाजवतात, म्हणजे पुढून आलेला आवाज आणि त्यांचा आवाज एकत्र कानावर पडतो. दोन मनोऱ्यांच्या अधल्यामधल्या जागी मात्र ही जुळणी फिसकटते आणि प्रत्येक शब्दाला शेपूट फुटतं. छपराखालच्या खुर्च्यांवरही खर्ज घुमतो. खुर्चीचंच तिकीट असेल तर रंगमंचाच्या काटकोनातली बाजू टाळावी.

हे सगळं कशासाठी, तर हॅरिसच्या बेससाठी. तो पिक, म्हणजे तार छेडायची चकती, वापरत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, बस्स. एक लांब आणि दोन आखूड अशा स्वरांची ती घोडदौड. तार फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत, तरी बोट इतक्या जोरात येतं की तार गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर आपटून लोखंडी खडखडाट होतो. तो खडखडाट ऐकू आला तर जागा बरोबर आहे. नुसतं गुरगुरणं ऐकू येत असेल तर पहिल्या दोन गाण्यांतच जागा बदलावी, नंतर गर्दी घट्ट होते.

कानात बोळे हवेतच. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त खातात, त्यामुळे झांजा बोथट लागतात; संगीतासाठीचे फिल्टरवाले घ्यावेत. घालताना विरुद्ध हाताने कान वर आणि मागे ओढावा, मगच बोळा आत सरकतो. नीट बसला की आपलाच आवाज घशातून आल्यासारखा वाटतो. तसं वाटत नसेल तर काढून पुन्हा घालावा.

स्पीकरवर यूएफओ या बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ लागलं की पाण्याला, लघवीला जायची वेळ संपली. हे गाणं म्हणजे मेडनची तिसरी घंटा. मग पडद्यावर जुन्या ईस्ट लंडनच्या गल्ल्या, आणि सुरुवातीची तिन्ही गाणी १९८१ च्या ‘किलर्स’मधली. या दौऱ्यात सगळी गाणी पहिल्या नऊ अल्बममधली, १९८० ते १९९२. रंगवलेल्या कापडी पडद्यांच्या जागी या वेळी भलामोठा एलईडी पडदा आहे. जूनअखेरीस लंडनला सूर्य सव्वानऊनंतर मावळतो, त्यामुळे पहिला तासभर तो पडदा फिकाच दिसतो. तेवढा वेळ सरळ माणसांकडे बघावं. ड्रमर निको मॅकब्रेन डिसेंबर २०२४ मध्ये दौऱ्यांतून निवृत्त झाला, ड्रमवर आता सायमन डॉसन. निकोसारखं ठोक्यांमधली जागा भरून टाकणं त्याच्याकडे नाही. पण तो मोकळी जागा सोडतो, आणि जुन्या गाण्यांना ती शोभते.

मॅनेजर रॉड स्मॉलवुडने फोन खिशात ठेवायची विनंती दौऱ्याआधीच केली होती. बऱ्याच जणांनी पाळली, सगळ्यांनी नाही. ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ या १९८४ च्या तेरा मिनिटांहून लांब गाण्यात मध्ये सगळं थांबतं, जहाजाच्या लाकडाची करकर आणि बेस एवढंच उरतं. तेव्हा पुढे उजळलेला एकेक पडदा डोळ्यांत खुपतो.

शेवटी माँटी पायथन या विनोदी मंडळीचं शिट्टी वाजवत म्हणायचं गाणं लागलं की संपलं. आता कुणी परत येत नाही. स्ट्रॅटफर्ड स्टेशनाकडे ‘थांबा’ आणि ‘चला’च्या पाट्या घेऊन स्वयंसेवक उभे असतात, गर्दी तुकड्यातुकड्यांनी सोडतात. शनिवार असल्यामुळे ज्युबिली आणि सेंट्रल लाइन रात्रभर चालू, शेवटची गाडी चुकायची भीती नाही. त्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ऑलिंपिक पार्क आणि जुन्या खेळाडूग्रामाच्या इमारती मागे टाकून उत्तरेला चालत सुटावं, पाऊण तासाच्या आत लेटन येतं. तिथून शहराकडे जाणारी सेंट्रल लाइन पकडली की बसायला जागा मिळते. पुढच्याच स्टेशनाला, स्ट्रॅटफर्डला, दारं उघडतात आणि अख्खा डबा एडींनी भरून जातो.