समोरच्या बिऱ्हाडाचे दार

आणीबाणीत माझे थोरले काका मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. भेटीच्या दिवशी काकू डबा घेऊन निघाली की सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यातले समोरचे बिऱ्हाड अलगद दार लोटून घेई. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मला त्या दाराचा फार राग येई. आई म्हणे, "अरे, त्यांची सरकारी नोकरी आहे, त्यांना बोल लावू नकोस."

हुकूमशाही कशावर टिकते, हा प्रश्न निघाला की मला अजून ते दार आठवते. फौज, तुरुंग, सेन्सॉर हे सगळे असतेच. पूर्व जर्मनीच्या श्टासी या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पगारी नोकर होते आणि गुपचूप खबरा देणारे त्याहून कितीतरी अधिक. पण एवढा पसारा उभारून साधायचे काय असते? शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते शेजाऱ्याला कळू नये, म्हणजे नाराज असलेला प्रत्येक जण आपण एकटेच आहोत असे समजून गप्प बसतो. मात्र लोकांची तोंडे बंद केली की राज्यकर्त्याच्या कानावरही खरे काही येत नाही, आणि माझ्या मते अशा राजवटींचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. १९७७ च्या जानेवारीत इंदिरा गांधींनी निवडणुका जाहीर केल्या, तेव्हा त्यांनाही देशाच्या मनाचा अंदाज नव्हता, असेच मला वाटते.

रुमानियाच्या चाउशेस्कुचे याहून भीषण झाले. २१ डिसेंबर १९८९ रोजी बुखारेस्टमध्ये पक्षाच्या मुख्यालयाच्या सज्जातून तो बोलत होता, समोर जयजयकारासाठी जमवून आणलेली माणसे होती आणि भाषण दूरचित्रवाणीवर थेट दाखवले जात होते. गर्दीतून ओरडा उठला आणि तो बोलता बोलता थबकला. हात उंचावून लोकांना शांत करू पाहणाऱ्या त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ साऱ्या देशाने पाहिला. मग त्याने किमान वेतन वाढवण्याची घोषणा केली, पण आपण एकटे नाही हे तोवर लोकांना कळून चुकले होते. दुसऱ्या दिवशी लष्कर फिरले, तो हेलिकॉप्टरने पळाला आणि नाताळच्या दिवशी त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

शेवटी सगळे येऊन थांबते ते हुकूम पाळणाऱ्या माणसापाशी. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री बर्लिनच्या भिंतीतल्या बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या सरहद्द नाक्यावर हारल्ड येगर हा अधिकारी वरिष्ठांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिला. स्पष्ट आदेश मिळेना आणि पलीकडे जाऊ पाहणारी समोरची गर्दी वाढत होती, तेव्हा त्याने स्वतःच्या जबाबदारीवर फाटक उघडायला लावले. मात्र असा नकार दर वेळी पुरतो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. त्याच वर्षी बीजिंगमध्ये शू चिन्शिएन या सेनापतीने निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर फौज नेण्यास नकार दिला, तर त्यालाच तुरुंगवास घडला, इतर तुकड्या चालून गेल्या आणि राजवट टिकली. उलट सीरियात हुकूमशहा बशर अल-असद रशिया आणि इराण यांच्या आधारावर अनेक वर्षे तगला. तो आधार सैल होताच २०२४ मध्ये अवघ्या बारा दिवसांत त्याची फौज विरघळली, कारण त्याच्यासाठी मरायला त्याचे सैनिकच तयार नव्हते.

मार्च १९७७ मध्ये निकाल लागले. पुण्यातून जनता पक्षाचे मोहन धारिया निवडून आले, देशात काँग्रेस १५४ जागांवर थांबली आणि रायबरेलीत खुद्द इंदिराजी हरल्या. त्या रात्री कोणीतरी आमची कडी वाजवली. समोरचे काका हातात ट्रान्झिस्टर घेऊन उभे होते. "वहिनी, आम्हीही तिकडेच मत दिलं हो," ते खालच्या आवाजात म्हणाले, "पण सांगणार कुणाला?" माझे काका अजून तुरुंगातून सुटायचे होते. काकू क्षणभर काही बोलली नाही. मग तिने दार पूर्ण उघडले आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.