आमची वाटचाल : इचलकरंजीतील एका फिजिओथेरपी केंद्राची हकिकत

इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, आणि तेव्हापासून या गावाचे खांदे, कंबरा आणि बोटे मागाच्या तालावर झिजत आली आहेत. आम्ही १९९८ मध्ये केंद्र सुरू केले तेव्हा ‘फिजिओथेरपी’ म्हणजे शेक आणि मालिश, अशीच बहुतेकांची समजूत होती. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या आणि माझा एक वर्गमित्र भागीदार होता. सामान म्हणावे तर विद्युतलहरींनी खोलवर शेक देणारी एक शॉर्टवेव्ह डायथर्मी, ध्वनिलहरींनी उपचार करणारे एक सेकंडहँड अल्ट्रासाउंड, मेणाची टाकी, मांडीच्या स्नायूच्या व्यायामाचा क्वाड्रिसेप्स बोर्ड, वाळूच्या पिशव्या आणि कोन मोजण्याचा एक स्टीलचा गोनिओमीटर. तो गोनिओमीटर मी शिकत असताना घेतलेला होता आणि आजही माझ्या टेबलावर आहे. त्यावरचे आकडे पुसट झाले असले तरी अंश चुकत नाहीत.

मेणाच्या टाकीविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण नव्या मुलांना तिचे महत्त्व पटत नाही. पॅराफिन मेणात लिक्विड पॅराफिन मिसळून तापमान साधारण ५२ ते ५४ अंशांवर ठेवायचे, मनगटाचे प्लास्टर काढून आलेला आखडलेला हात त्यात बुडवून काढायचा, थर बसला की पुन्हा बुडवायचा, आणि पाच-सहा थरांनंतर प्लास्टिक व टॉवेल गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे. मेण सोलल्यावर त्वचा मऊ आणि ओलसर असते, वेदना दबलेली असते, आणि सांधे हलवण्याचे खरे काम त्या पुढच्या दहा मिनिटांत होते. ती दहा मिनिटे जो फिजिओथेरपिस्ट मोबाइलवर घालवतो, त्याने टाकीचे बटण बंद करून विजेचे बिल वाचवावे.

आमच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी एकाचा उल्लेख केल्याशिवाय ही हकिकत पुरी होणार नाही. ते एका कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारे व दुरुस्त करणारे कारागीर होते, म्हणून केंद्रात सगळे त्यांना जॉबरमामा म्हणत. मागाचा पत्रा बसवताना निसटला आणि मधल्या बोटाच्या व अनामिकेच्या मुळाशी खोलवर घुसला. दोन्ही बोटे मिटवणाऱ्या, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, म्हणजे फ्लेक्सर टेंडन, तुटल्या. मिरजेत शस्त्रक्रिया झाली आणि ते चौथ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. ज्या जागी त्यांचे टेंडन तुटले होते तिला हाताचे शल्यचिकित्सक ‘झोन दोन’ म्हणतात. तिथे दोन टेंडन एकाच अरुंद नळीतून जातात, आणि एकेकाळी तिथली दुरुस्ती इतकी बिघडत असे की त्या भागाला हात लावू नये असे मानत. बोट हलवले नाही तर टेंडन नळीला चिकटते, आणि रुग्णाने आपल्या जोराने मूठ वळली तर टाका तुटतो. म्हणून गरम पाण्यात मऊ केलेली थर्मोप्लास्टिकची पट्टी हाताच्या पाठीकडून घडवायची, मनगट आणि बोटांचे मूळ वाकलेले ठेवायचे, आणि त्या चौकटीच्या आत दुसऱ्या हाताने बोटे मिटवून द्यायची.

मामांचा उत्साह हीच मोठी अडचण होती. पट्टी काढून एकदा पान्हा धरून बघतो, असे ते दर भेटीला म्हणत आणि मी दर भेटीला नकार देत असे. सहा आठवड्यांनी पट्टी उतरली आणि बारा आठवड्यांनंतर जड काम करण्याची परवानगी मिळाली. बोटाचे टोक तळहाताच्या घडीपासून किती दूर राहते हे मी मोजपट्टीने मोजून वहीत लिहीत असे. शेवटी मधले बोट घडीला टेकले आणि अनामिका एक सेंटिमीटर मागे राहिली. मामा म्हणाले, “ताई, तेवढा सेंटिमीटर मालकाच्या नावावर लिहा.”

ते पुन्हा मागावर गेले आणि आमचे झाले. खांद्याच्या व्यायामाचे चाक तेव्हा कोल्हापुरातून आणायचे म्हटले तरी आमच्या ऐपतीबाहेरचे होते. मामांनी भंगारातल्या मागाचे चाक घेतले, त्याला सरकणारी मूठ बसवली आणि अटकाव कमी-जास्त करण्यासाठी चामड्याचा पट्टा आणि पंखाचा नट लावून भिंतीवर चढवले. ते चाक आजही चालते. पुढे त्यांच्या ओळखीने सुताच्या कांड्या भरणाऱ्या मावश्या आल्या, सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधले कामगार आले, आणि खांदा जाम झालेला कारखानदारही आला, ज्याला आम्ही पहिल्यांदा साखर तपासायला पाठवले, कारण मधुमेह असलेल्यांत खांदा आखडण्याचे प्रमाण अधिक असते.

त्यानंतरची बरीच वर्षे सुरळीत गेली. त्यांत सांगण्यासारखे फारसे काही नाही.

२०१६ मध्ये भागीदार वेगळा झाला. त्याबद्दल मला तक्रार नाही. प्रत्येकाला आपले दुकान असावे असे वाटते. तक्रार आहे ती त्याने जाताना रुग्णांची नोंदवही नेली याची, आणि बाहेरच्या एका कंपनीच्या पैशावर आमच्याच रस्त्याला, आमच्या दारातून दिसेल अशा जागी, वातानुकूलित केंद्र थाटले याची. काचेवर मोठ्या अक्षरांत ‘व्यायामाशिवाय वेदनामुक्ती’ असे लिहिले होते. लेझर, कंबर ताणणारे संगणकीय यंत्र, गुडघा आपोआप हलवणारे यंत्र, आणि सगळ्याचे मिळून महिन्याचे पॅकेज, पैसे आगाऊ. आमच्याकडे दर बैठकीला पैसे घेतले जात आणि घरी करायचे व्यायाम कागदावर चित्र काढून दिले जात. ज्याला रोज घाम गाळायला सांगतो त्याच्यापेक्षा झोपवून यंत्र लावतो तो रुग्णाला जास्त मायाळू वाटतो, हे मानवी स्वभावाला धरून आहे.

यंत्रांशी माझे वैर नाही. इंटरफेरेन्शियल करंटमध्ये चार हजार हर्ट्झच्या आसपासचे दोन विद्युतप्रवाह शरीरात एकमेकांना छेदतात आणि वेदना काही काळ दबते. अल्ट्रासाउंडचे एक मेगाहर्ट्झचे डोके खोल भागासाठी आणि तीनचे वरवरच्या भागासाठी असते. हे सगळे आम्हीही वापरतो. परंतु शस्त्रक्रियेने गुडघा बदलल्यानंतर मांडीचा स्नायू झोपलेला असतो. पाय सरळ उचलताना शेवटचे काही अंश गुडघा वाकलेलाच राहतो. तो स्नायू रुग्णाने स्वतः आवळल्याखेरीज जागा होत नाही, आणि पायाखाली फिरणारे यंत्र त्याच्या वतीने आवळू शकत नाही.

खरा फटका यंत्रांनी बसला नाही, तो चिठ्ठ्यांनी बसला. गावातल्या एका रुग्णालयातून आमच्याकडे येणारे रुग्ण एका महिन्यात थांबले. चौकशी केली तेव्हा समोरून रुग्णामागे ठरावीक टक्के पोहोचतात, तुम्ही काय देता, असे मला स्पष्ट विचारण्यात आले. मी काही देत नाही असे सांगितले आणि बाहेर पडले. २०१७ मध्ये ही कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्याबद्दल टक्केवारी घेणे, रोखण्यासाठी राज्यात कायद्याचा मसुदा निघाला तेव्हा मला फार आशा वाटली होती. तो मसुदाच राहिला. त्या वर्षी आमच्याकडे सकाळी बाकावर कोणी नसे. मी मदतनिसाला अर्ध्या पगारावर आणले, शॉर्टवेव्ह विकली, आणि वाड्याच्या मालकांनी दोन महिने भाड्याची आठवण काढली नाही, हे त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

अशा वेळी जॉबरमामा रोज संध्याकाळी पाळी सुटल्यावर येऊन बाकावर बसत. त्यांना उपचाराची गरज उरली नव्हती. रिकामे केंद्र पाहून नवा रुग्ण परत फिरतो, म्हणून आपण बसतो, असे त्यांनी माझ्या मदतनिसाला सांगितले होते. येणाऱ्याला ते आपली मूठ वळून दाखवत. आम्ही रात्रपाळी सुटण्याच्या वेळी केंद्र उघडायला सुरुवात केली तीही त्यांच्याच सांगण्यावरून. त्या वेळी समोरच्यांच्या काचेमागे पडदा असे.

पॅकेज संपलेले लोक हळूहळू इकडे येऊ लागले. त्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा नवा गुडघा महिनाभर यंत्रावर हलला होता, पण तो सरळ होत नव्हता, कारण घरी दुखते म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन त्या झोपत. उशी घ्यायचीच असेल तर ती टाचेखाली घ्यावी, एवढेही त्यांना कोणी सांगितले नव्हते. मी गोनिओमीटर लावून अठरा अंशांची तूट त्यांना दाखवली आणि दर आठवड्याचा आकडा त्यांच्याच हाताने लिहायला लावला. तूट तीन अंशांवर आल्यावर त्यांनी आपल्या भिशीतल्या सगळ्या बायकांना आमचा पत्ता दिला. समोरचे केंद्र २०१९ च्या पुरानंतर बंद झाले. पाणी त्यांच्याकडेही शिरले आणि आमच्याकडेही. फरक इतकाच की आमचे मागाचे चाक पुसून, तेल घालून पुन्हा फिरू लागले आणि त्यांच्या यंत्रांचे हप्ते फिरत राहिले. पुढे एक दलाल तीच यंत्रे घेऊन माझ्याकडे आला होता. मी फक्त चालण्याच्या सरावाचे समांतर बार घेतले, तेही लोखंडाच्या भावाने.

नव्याने केंद्र काढणाऱ्यांनी विचारलेले नाही, तरी सांगते. पहिल्या वर्षी कर्ज काढून यंत्र घेऊ नका, कारण हप्ता भरायचा म्हणून ते गरज नसलेल्या रुग्णालाही लावले जाते. कोपराचे हाड मोडलेल्या मुलाला कोणी जोर लावून मालिश केली असेल तर आधी क्ष-किरण काढून पाहा. अशा कोपरात स्नायूत हाड धरते आणि मग जोर लावणारा प्रत्येक जण नुकसानच करतो. राज्य परिषदेचे नोंदणीपत्र रुग्णाला दिसेल असे लावा.

सध्या आमच्याकडे दोन नवे पदवीधर घेतले जातात. पहिले काही महिने त्यांना यंत्राला हात लावू दिला जात नाही. गोनिओमीटर, मोजपट्टी आणि वही एवढेच दिले जाते. यावरून कुरबुर होते. गेल्या वर्षी एक जण याच कारणाने सोडून गेला. दुसरी टिकली, आणि आता टेंडनचे सगळे हात तीच पाहते.