असईचं रणांगण: केळणा आणि जुईच्या मधे

वॉटर्लूला लोक तिकीट काढून जातात. तिथं 226 पायऱ्यांचं सिंहाचं टेकाड आहे, संग्रहालय आहे, जुन्या पलटणींचे गणवेश चढवून हौशी मंडळी लढाई करून दाखवतात. तिथं नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती वेलिंग्टन त्याआधी बारा वर्षं आपल्या जालना जिल्ह्यात लढून गेला होता. 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई, एका बाजूला इंग्रज, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि नागपूरकर भोसले. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता, वय 34. तिथं जायचं तर मात्र चहाच्या टपरीवर रस्ता विचारावा लागतो.

मी आणि माझा आतेभाऊ जानेवारीत गेलो. मुंबईहून रात्रीची देवगिरी पकडली की भल्या पहाटे जालना. तिथून दिवसभरासाठी गाडी ठरवून घ्या. एसटी भोकरदनपर्यंत बरी, पुढच्या फिरण्याला तिचा भरवसा धरू नका. वाटेत राजूरचा गणपती लागतो. दर्शन घ्या आणि नाश्ताही तिथंच उरकून घ्या, पुढं शिवारात काही मिळत नाही. पाणीही भरपूर बरोबर ठेवा.

आता आमची फजिती. आम्हाला केळणा नदीच्या काठचं पिंपळगाव हवं होतं. मोबाईलच्या नकाशात नुसतं ‘पिंपळगाव’ टाकलं आणि तास-दीड तास भलतीकडेच हिंडलो. या भागात पिंपळगावं एकाहून जास्त आहेत. तेव्हा गाव विचारू नका, नदी विचारा. मजा म्हणजे वेलस्लीचीही इथं अशीच चूक झाली होती. हरकाऱ्यांनी सांगितलं, शिंद्यांची फौज भोकरदनला आहे. ते बोलत होते परगण्याबद्दल, हा समजला गाव. नळणीला तळ टाकायला आला, तर फौज अगदी जवळ, नदीपलीकडे मैलोन् मैल पसरलेली! इंग्रजांची जोडीची दुसरी तुकडी स्टीव्हन्सनची. तिच्याशी बदनापूरला बोलणं होऊन ती पश्चिमेच्या वाटेनं निघाली होती. तिची वाट न बघता त्यानं त्याच दुपारी लढायचं ठरवलं.

असईत बघायचं काय, तर मुख्यतः जमीन. केळणा दक्षिणेला, जुई उत्तरेला, दोन्ही पूर्वेकडे वाहत जाऊन एकमेकींना मिळतात. मधे काळ्या रानाची चिंचोळी पट्टी आणि जुईच्या काठाला असई. पश्चिमेला भोकरदनपर्यंत मराठ्यांचं घोडदळ, आणि असईच्या बाजूला शिंद्यांचे कवायती कंपू, म्हणजे युरोपियन पद्धतीनं तयार केलेल्या पलटणी, पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखाली दहा हजारांवर पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा. वेलस्लीकडे सगळी मिळून साडेनऊ हजार माणसं.

सर्वात आधी केळणेच्या काठावर जा. वाटाड्यांनी वेलस्लीला छातीठोक सांगितलं होतं की इकडं नदीला उतार नाही, म्हणजे चालत पलीकडे जाता येईल अशी जागा नाही. त्यानं दुर्बिणीतून पाहिलं: अलीकडे पिंपळगाव, पलीकडे समोरच वरूड. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर त्यांची ये-जा असणारच, म्हणजे उतारही असणार. एवढ्या अंदाजावर त्यानं फौज पाण्यात घातली. आम्ही काठावर शेळ्या राखणाऱ्या आजोबांना मुद्दाम विचारलं, “बाबा, हितून पलीकडं जाता येतं का?” त्यांनी आमच्या बुटांकडे पाहिलं. “शेरडं जात्यात की. तुमचं मला काय म्हाईत!”

वरूडकडून असईच्या दिशेनं जमेल तेवढं चाला. उतार ओलांडून शत्रू बगलेवर येतोय हे दिसताच पोलमननं सगळी रांग काटकोनात फिरवली. डावी बाजू असईला, उजवी केळणेला, तोंड पूर्वेला. तुरीच्या ओळींमधून ढेकळं तुडवत अर्धा तास चाललो तेव्हा मला या हालचालीची किंमत कळली. बैलांनी ओढायच्या तोफा असल्या रानात, शत्रू समोर असताना फिरवायच्या म्हणजे चेष्टा नाही. शाळेत आम्हाला ‘शिंदे-भोसले हरले’ एवढ्या एका ओळीत हे संपवून दिलं होतं. शिंदे आणि भोसले रणातून लवकर निघून गेले हे खरं, पण गोलंदाज हलले नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत तोफा डागत राहिले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढं सरकल्यावर उठून तोफा फिरवून पाठीमागून बार काढले. ती तोफांची रांग दुसऱ्यांदा जिंकावी लागली. संध्याकाळपर्यंत इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. असईच्या फार जवळ भरकटलेल्या 74 व्या पलटणीची तर दाणादाण उडाली. मराठ्यांच्या 98 तोफा गेल्या.

चालताना तुडवताय ते कुणाचं तरी उभं पीक आहे, तेव्हा बांधावरून जा आणि शेतात कुणी दिसलं तर विचारून जा. आम्हाला एकानं हरभऱ्याचे डहाळे उपटून हातात दिले. पावसाळ्यात चुकूनही येऊ नका, ही काळी माती चप्पल पायातून काढून घेते. उन्हाळ्यात सावलीला झाड सापडेपर्यंत जीव जातो. डिसेंबर-जानेवारी उत्तम. येण्याआधी लढाईचा नकाशा छापून घ्या, कारण शिवारात पाट्या शोधत बसण्यात अर्थ नाही. लहान मुलं असतील तर सरळ सांगतो, कंटाळतील.

परतताना सिल्लोडमार्गे अजिंठ्याला निघालो. लढाईतले इंग्रज जखमी अजिंठा गावातच नेऊन ठेवले होते. लेणी तिथून घाटाखाली, तशी जवळच, पण ती इंग्रजांना दिसली 1819 साली, वाघाच्या शिकारीच्या नादात. ही सगळी माहिती मी आतेभावाला गाडीत रंगवून सांगत होतो. लेणी सोमवारी बंद असतात, हे मात्र आम्हाला फाटकापाशी पोचल्यावर कळलं.